डाव सुटला की सोडवला

कुमुदताई,

परवा क्रेमेटोरियमच्या दारात तुमच्याबद्दल चुकीचे क्रियापद वापरले गेले. जोशीकाकू डोळ्यांना रुमाल लावून म्हणाल्या, "सुटल्या हो आपल्या कुमुदताई." शेजारच्या दोघीतिघींनी माना हलवल्या. लांबलेल्या आजारानंतर माणूस गेला की आपल्याकडे असेच म्हणतात. त्यात वाईट हेतू नसतो. पण हे क्रियापद तुमच्यासमोर कोणी उच्चारले असते, तर पुढचा अर्धा तास त्याची सुटका झाली नसती, हे त्या दारात फक्त मला माहीत होते.

म्हणून हा मजकूर. तुमचा जन्म, शिक्षण, बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून केलेली नोकरी, हे सगळे इथल्या मराठी मंडळाच्या अंकात वेगळ्या चौकटीत येणार आहे. मला एका डावाबद्दल आणि एका क्रियापदाबद्दल बोलायचे आहे. तो वाद आपण अर्धवट ठेवला आहे, आणि तुम्हाला अर्धवट ठेवलेले काहीही आवडत नसे.

आपली ओळख मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात झाली. मी नवऱ्याच्या नोकरीमागून नुकतीच इथे आले होते. नागपूरला एका दैनिकात क्रीडा पानावर होते, हे तुम्हाला कोणीतरी सांगितले असावे. तुम्ही तिळगूळ हातावर ठेवलात आणि सरळ विचारलेत, "पेपरात होतीस म्हणे. बुद्धिबळ लिहायचीस?"

"निकाल लिहायचे."

"म्हणजे खेळ कळत नाही."

"घोडा अडीच घरं चालतो एवढं कळतं."

"पुरे आहे. गाडी चालवतेस?"

तुम्हाला अंधारात गाडी चालवणे जमेनासे झाले होते आणि क्लबचे सामने संध्याकाळी असत. अशा रीतीने मी एका इंग्रजी बुद्धिबळ संघाची वाहनचालक झाले. तुम्ही मला 'बातमीदारीणबाई' म्हणू लागलात. मी तुम्हाला 'डॉक्टर' अशी हाक मारून पाहिली, तर तुम्ही म्हणालात, "अगं, ताई म्हण. डॉक्टर म्हटलं की मला पेशंटची नाडी बघावीशी वाटते."

तुमच्या क्लबमधल्या पहिल्या संध्याकाळचा किस्सा मला तुम्ही आणि ग्रॅहम, दोघांनीही सांगितला. दोन्ही आवृत्त्या पडताळल्यावर जे उरते ते असे. तुम्ही निवृत्त झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या क्लबात गेलात. समोर ग्रॅहम बसला, तुमच्या संघाचा कर्णधार. त्याने राजासमोरचे प्यादे उचलले आणि दोन घरे पुढे ठेवले. तुम्ही ते प्यादे दोन बोटांनी धरून एक घर मागे आणलेत आणि अतिशय सभ्यपणे म्हणालात, "सॉरी, यू हॅव टेकन वन हाउस टू मेनी."

ग्रॅहमला आधी हा विनोद वाटला. मग त्याच्या लक्षात आले की समोरच्या बाईंचा चेहरा विनोद करणाऱ्याचा नाही.

चूक तुमची होती, पण ती करायला सांगलीत आप्पांच्या हाताखाली शिकावे लागते. तुमच्या वडिलांनी तुम्हाला शिकवलेला खेळ जुन्या देशी नियमांचा होता. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. मेडिकलला गेल्यावर तुमचा पट बंद झाला, मग इंग्लंड, मग रात्रपाळ्या, मग निखिलचा जन्म. एवढ्या वर्षांत बाहेरच्या माणसाशी तुम्ही एकही डाव खेळला नव्हता. ग्रॅहमने नियम समजावून सांगितला. तुम्ही विचारलेत, "दोन घरं जायलाच हवं का?"

"नाही. जाता येतं."

"म्हणजे परवानगी आहे, सक्ती नाही."

"तसं म्हणता येईल."

"मग ठीक आहे," तुम्ही म्हणालात, आणि तुमचे प्यादे एक घर सरकवलेत.

त्यानंतर तुम्ही कुठलेही प्यादे पहिल्या चालीला दोन घरे नेलेले कोणी पाहिले नाही. तुमची सुरुवात कायम एकच. प्यादी एकेक घर पुढे येऊन एका रांगेत उभी राहणार, दोन्ही उंट त्यांच्यामागे कोपऱ्यांजवळ दबा धरणार, दोन्ही घोडे राजा-वजिराच्या पुढ्यात. समोरच्याला पटाचा मध्य मोकळा सोडायचा आणि म्हणायचे, ये. ग्रॅहमने पुस्तक आणून दाखवले की या मांडणीला नाव आहे, हिप्पोपोटेमस. तुम्ही गाडीत बसेपर्यंत हसत होतात.

"पाणघोडा! अगं, आमचे आप्पा आयुष्यभर पाणघोडा खेळले आणि त्यांना वाटायचं आपण सरळमार्गी माणूस आहोत."

पाणघोडा पुष्कळदा हरायचा. हे लिहायला हवे, कारण तुम्हाला खोटी स्तुती चालत नसे. पुस्तके सांगतात की सुरुवातीला मध्य ताब्यात घ्यावा, आणि ग्रॅहम पुस्तके वाचणारा माणूस आहे. त्या मोसमात संघ जिंकत होता, तुमचा पट मात्र बहुतेक वेळा पडत होता. शेवटच्या सामन्याआधी त्याने तुम्हाला चहा आणून दिला आणि तो बोलला. साध्या भाषेत अर्थ असा की, त्या सामन्यावर चषक अवलंबून आहे, मेहेरबानी करून एकदा तरी दोन घरे जा. आणि नाही गेलात व हरलात, तर पुढच्या मोसमात मला तुमच्या चौथ्या पटावर दुसरे कोणी बसवावे लागेल.

तुम्ही चहा संपवलात. म्हणालात, "ग्रॅहम, मी आयुष्यभर माणसांना भूल दिली. एकदम कधीच दिली नाही. थोडी द्यायची, बघायचं, परत थोडी. माझे पेशंट उठायचे."

त्याने रिकामा कप उचलला. इंग्रज माणसाला रुग्णालयाचा दाखला दिला की तो वाद थांबवतो, हे तुम्हाला पक्के ठाऊक होते.

तेव्हा तुमचे उपचार सुरू होते. तरुण कन्सल्टंटने तुम्हाला सांगितले होते की तुम्ही हा मोसम पुरा कराल की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. ते ग्रॅहमला माहीत नव्हते. त्याला सांगायचे नाही, अशी मला सक्त ताकीद होती. तुम्ही औषधाचे दिवस सामन्यांच्या तारखा बघून मागून घेतले होते. चौथा पट जाणे म्हणजे तुमच्यासाठी काय होते, हे त्या खोलीत मीच जाणून होते. पुढच्या मोसमात तुम्ही असाल की नाही हे डॉक्टर ठरवणार नाहीत, आणि ग्रॅहमही ठरवणार नाही, एवढेच तुम्हाला सिद्ध करायचे होते.

सामना शनिवारी दुपारी एका शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये झाला. टेबले पुसलेली होती, तरी खोलीत शिजवलेल्या कोबीचा वास होता. चार पट. पहिल्यावर ग्रॅहम जिंकला. दुसऱ्यावर आपण हरलो. तिसरा डाव बरोबरीत सुटला. हे क्रियापद मी तेव्हा बिनदिक्कत वापरत होते. आता सगळे तुमच्या पटावर आले. चषकासाठी संघाला अर्धा गुण पुरत होता. तुम्ही बरोबरी साधलीत तर चषक आपला, हरलात तर त्यांचा.

समोर प्राइस नावाचा गणिताचा शिक्षक होता. दर्जाने तुमच्याहून बराच वरचा. पांढऱ्या सोंगट्या त्याच्या. त्याने प्यादी दोन-दोन घरे पुढे टाकली आणि मध्य भरून काढला. तुम्ही एक घर. पुन्हा एक घर. पुन्हा एक. काही वेळाने त्याने आपल्या कर्णधाराकडे पाहून भुवया उंचावल्या. त्यानंतर मात्र तो खूप वेळ थांबला. पाणघोड्यावर कोणत्या बाजूने चाल करावी हे त्याला ठरवता येईना. बसलेल्या जनावराला हाकलायचे कुठून?

शेवटी त्याने राजाच्या बाजूने हल्ला केला आणि तो चांगला होता. तुमचे एक प्यादे गेले. मग दुसरे. तुम्ही स्वेटरच्या बाह्या खाली ओढून घेतल्यात. औषधांमुळे तुम्हाला सतत थंडी वाजायची. सोंगट्या कमी होत गेल्या. अखेरीस त्याच्याकडे राजा, उंट आणि पटाच्या कडेला शेजारी-शेजारी दोन प्यादी राहिली. तुमच्याकडे राजा आणि एक घोडा. मला खेळ कळत नसला तरी मोजता येत होते.

ग्रॅहम चहाचा कप घेऊन तुमच्या मागे उभा होता. तेव्हा तुम्ही घोडा उचललात आणि दोनपैकी आतल्या प्याद्यावर घातलात. प्याद्याला आधार होता. प्राइसने क्षणभर विचार करून उंटाने तुमचा घोडा मारला. ग्रॅहमने कप खिडकीत ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दॅट्स दॅट, देन." तो बाहेर निघून गेला.

तुम्ही राजा उचललात आणि एक घर सरकवलात.

पुढचे मला तुम्ही गाडीत समजावून सांगितलेत, आणि मी ते नंतर ग्रॅहम आणि प्राइस दोघांकडून तपासून घेतले. प्राइसचे उरलेले प्यादे पटाच्या अगदी कडेच्या रांगेत होते. ते शेवटच्या घरात पोचले की वजीर होणार. पण ते शेवटचे घर, म्हणजे पटाचा कोपरा, काळ्या रंगाचा होता, आणि प्राइसचा उंट पांढऱ्या घरांवरून चालणारा. असा उंट काळ्या कोपऱ्याला काहीही करू शकत नाही. तुमचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला तिथून कोणी उठवू शकत नाही. घोडा तुम्ही गमावला नव्हता. त्याच्या मोबदल्यात चुकीचा उंट आणि चुकीचे प्यादे एवढेच प्राइसच्या हातात ठेवले होते.

प्रश्न फक्त वेळेत पोचण्याचा होता. डावाच्या अखेरीस राजाला दोन घरांची परवानगीच नसते. तो एकाच घराने चालतो, आणि एका घराने कसे चालायचे हे त्या हॉलमध्ये तुमच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. एक घर. मग एक घर. प्राइसला कळले तेव्हा त्याच्या कानांचा रंग बदलला. त्याने आपला राजा वाटेत आणून पाहिला, उंटाने वाट अडवून पाहिली. तुम्ही कोपऱ्यात पोचलात. मग एक घर बाहेर, परत आत. बाहेर, आत. तुमचा चेहरा ऑपरेशन चालू असताना होत असेल तसा होता, म्हणजे त्यावर काहीच नव्हते. शेवटी त्याने प्यादे पुढे ढकलले. तुमच्या राजाला शह नव्हता आणि हलायला घरही नव्हते. अशा वेळी डाव बरोबरीत संपतो.

प्राइस सज्जन माणूस. त्याने हात पुढे केला आणि विचारले, "घोडा देताना हे सगळं दिसत होतं?"

"कोपरा दिसत होता," तुम्ही म्हणालात. "माझे वडील सांगायचे, आधी कोपरा कोणाचा ते बघ."

कोणीतरी ग्रॅहमला बोलवायला धावले. तो आला, पट पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्याच्यासारख्या माणसाने करू नये ते केले. सगळ्यांसमोर तुम्हाला मिठी मारली. म्हणाला, "कुमुद, तू कधीही दोन घरं गेलीस तर मी तुला संघातून काढीन." घरी जाताना तुम्ही चषक मागच्या सीटवर ठेवलात आणि त्याला सीटबेल्ट लावलात. मी म्हटले, पितळेचा आहे, त्याला काय होणार. तुम्ही म्हणालात, "पितळेचा असो, पण अर्धा गुण खरा आहे." मग तुम्ही खिडकीची काच खाली केलीत, आणि रस्त्याने चाललेल्या पूर्ण अनोळखी माणसाला मराठीत ओरडून सांगितलेत, "आम्ही जिंकलो!" त्याने हात हलवला. तुमचा आनंद भाषांतर न होता पोचला.

मी मंडळाच्या अंकासाठी चार ओळी लिहिल्या. 'चौथ्या पटावरील डॉ. कुमुद यांचा डाव बरोबरीत सुटला आणि संघाने चषक पटकावला.' अंक पोचला त्या सकाळी तुमचा फोन.

"बातमीदारीणबाई, 'सुटला' म्हणजे काय?"

"म्हणजे बरोबरी झाली. असंच लिहितात, ताई."

"शाळा सुटते. वारा सुटतो. डाव कसा सुटेल? तुझ्या डोळ्यांसमोर मी सोडवला."

"बातमीत कोणाची बाजू घेता येत नाही. दोघं खेळत होते. 'सुटला' तटस्थ आहे."

"तटस्थ? प्राइस जिंकायला बसला होता. त्याने कशाला सोडवला असेल? अगं, मी थिएटरमध्ये तासन्‌तास बसायचे आणि पेशंट उठून चहा मागायचा. तू काय लिहिशील, ऑपरेशन सुटलं?"

"पार पडलं लिहीन."

"बघ! तेही आपोआपच पडतं तुमच्याकडे!"

तुमचे म्हणणे असे होते की ज्या दिवशी काही घडत नाही, तो दिवस कोणीतरी तसा ठेवलेला असतो. भूलतज्ज्ञाचे सगळे काम तेवढेच. माझे म्हणणे असे होते की जे घडले ते बातमी, आणि न घडू दिलेले मोजायला आमच्याकडे साधन नाही. क्रीडा पानावर बरोबरीचे डाव शेवटच्या ओळीत एकत्र जातात: 'अन्य डाव बरोबरीत सुटले.' जागा कमी पडली तर आधी तीच ओळ कापतात. हे मी तुम्हाला सांगितले. मग म्हणालात, "म्हणजे माझ्यासारख्यांची तुम्ही ओळच कापता."

हा वाद आपण गाडीत, तुमच्या स्वयंपाकघरात आणि रुग्णालयाच्या वेटिंग रूममध्ये चालू ठेवला. डॉक्टरांनी ज्या मोसमाची खात्री दिली नव्हती तो तुम्ही चषकासह संपवला होता. पुढच्या मोसमाचे वेळापत्रक तुमच्या फ्रिजवर लागले आणि त्यातलेही बरेच सामने तुम्ही खेळलात, कधी उशी पाठीला लावून. शेवटच्या भेटीत तुम्ही वॉर्डात होतात. नर्सने सलाइनचा वेग बदलला, तो तुम्ही मान वळवून तपासलात आणि मग माझ्याकडे पाहिलेत. "ठरलं का तुझं? सुटला की सोडवला?"

मी म्हटले, "विचार करते."

"एवढा काय विचार? एक घर तर सरकायचंय," तुम्ही म्हणालात आणि तुमचा डोळा लागला.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. क्रीडा पानावर असताना मी शेकडो निकाल फोनवर उतरवून घेतले असतील, पण पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत समोर बसून पाहिलेला माझा पहिला डाव तुमचा. तोवर मला निकाल माहीत होता, खेळ नव्हे. हे मी गाडीतच सांगायला हवे होते. तुम्ही चषकाचा सीटबेल्ट पुन्हा पुन्हा वळून बघत होतात, म्हणून राहून गेले.

क्रेमेटोरियमच्या दारात जोशीकाकू 'सुटल्या हो' म्हणाल्या तेव्हा निखिल माझ्या शेजारी उभा होता. एजवेअरहून तो रात्रीच आला होता. त्याचे मराठी तुम्ही कधी दुरुस्त करत नव्हतात. म्हणायचात, बोलतोय ना, लिंग नंतर बघू. त्याने मला हळूच विचारले, "सुटल्या म्हणजे? एस्केप?"

"म्हणजे त्रासातून मोकळ्या झाल्या. असं म्हणायची पद्धत आहे."

"पण आईला कुठे जायचा होता? तिला हा सीझन पूर्ण खेळायचा होता. फिक्स्चर लिस्ट अजून फ्रिजवर आहे, मावशी."

व्याकरणाची एक चूक सोडली तर त्या दारात बोलले गेलेले ते सर्वांत अचूक वाक्य होते. मी जोशीकाकूंकडे वळले आणि म्हटले, "काकू, सुटल्या नाहीत." काकूंना काय समजले कोण जाणे, पण त्यांनी माझा हात दाबला.

काल क्लबचा सामना होता. ग्रॅहमने मला फोन करून यायला सांगितले. मी गाडी घेऊन गेले. शेजारची सीट रिकामी होती, हे लिहिण्याची गरज नाही, पण वस्तुस्थिती तशी होती. चारही पटांवर आपल्या माणसांनी पहिले प्यादे एकच घर सरकवले. ग्रॅहमने सुद्धा, पुस्तके वाचणाऱ्या ग्रॅहमने. समोरच्या कर्णधाराने विचारले की हा काय प्रकार आहे. ग्रॅहम म्हणाला, "वन घर." त्याचा उच्चार 'गर' असा झाला. "इट्स अ हाउस स्टाइल." मग त्याने घड्याळाकडे बघण्याचे निमित्त केले.

तुमच्या चौथ्या पटावर आता मॉरीन नावाची निवृत्त ग्रंथपाल बसते. आपण एक डाव जिंकलो, एक हरलो, दुसऱ्या पटावर लवकरच बरोबरी झाली. मॉरीन अडचणीत होती. मी तिच्यामागे उभी राहून सबंध डाव पाहिला. तिने प्यादे दिले, वाट बघितली, राजा एकेक घर मागे नेला आणि अखेर समोरच्याने बरोबरीसाठी हात पुढे केला. ती उठली. खोलीत टाळ्या वाजवायची पद्धत नाही. त्या वाजल्या.

माणूस शेवटी हा खेळ हरतो, ताई, आणि तुम्ही हरलात असे लिहायला लागले तर मी लिहीन. तुम्हाला त्याचा राग येणार नाही. पण मधला जो काळ तुम्ही कोपऱ्यात राजा धरून बसलात, बाहेर, आत, बाहेर, आत, तो आपोआप गेला नाही. तो तुम्ही तसा ठेवलात.

बातमी मंडळाच्या अंकाकडे सकाळी पाठवली. पूर्ण मजकूर असा:

'क्लबने कालचा सामना २-२ असा बरोबरीत सोडवला. डॉ. कुमुद यांनी मागील मोसमात चौथ्या पटावर, एकाच घराच्या सुरुवातीने, चषकाचा डाव बरोबरीत सोडवला होता.'

जागा कमी पडल्यास ही ओळ कापू नये, असे वर लिहिले आहे. क्रियापद तपासले आहे.